माथेरानचा इतिहास आणि आपली वळकटी



लासलगावात कांद्याला चाळ आहे. जमिनीपासून हातभर उंच, खालून वारा खेळता, दोन्ही बाजूंना फटी, वर कौलं नाहीतर पत्रा. कांदा सडू नये, त्याला मोड येऊ नये म्हणून ही सगळी तजवीज. चाळ बांधायला सरकार अनुदान देतं. २००२ साली भाभा अणू संशोधन केंद्रानं आमच्या गावात विकिरण केंद्र उभारलं, तेही कांदा टिकावा म्हणूनच. माझी आई व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडते. गोल्टी एकीकडं, चांगला माल एकीकडं. संध्याकाळी ती जिथं पाठ टेकते ती खोली आठ बाय दहाची, पत्र्याची. तिला खिडकी नाही. उन्हाळ्यात आई म्हणते, ‘कांद्याच्या जन्माला आले असते तर बरं झालं असतं रं.’

१९४७ साली इथं बाजार समिती झाली. आगगाडी त्याच्या कितीतरी आधीपासून होती. कांद्यानं गाव वाढवलं. शिवारातल्या जमिनी बिगरशेती झाल्या, त्यांचे प्लॉट पडले, प्लॉटवर दुमजली घरं उठली. पण गोण्या उचलणारा हमाल, ट्रक भरणारा पोरगा, कांदा निवडणारी बाई रात्री कुठं झोपणार, हे कुठल्याच नकाशात कुणी काढलं नाही. गेल्या साली आम्ही दुसरी खोली शोधत होतो. एका घरमालकानं भाडं सांगितलं, अनामत सांगितली, मग आडनाव विचारलं. आडनाव कळल्यावर त्याला एकाएकी आठवलं की त्याच्याकडं पाहुणे येणार आहेत.

पण हा लेख लासलगावचा नाही. हा प्रश्न घेऊन मी माथेरानला गेलो, तिथं मला त्याचा इतिहास सापडला. तो सांगायचाय.

माझा मावसभाऊ माथेरानच्या एका हॉटेलात कामाला आहे. भांडी, चादरी, पाहुण्यांचं सामान, पडेल ते. त्याचं लग्न जमलं. पोरीच्या बापानं एकच विचारलं, ‘नांदायला कुठं न्यायची?’ दादाकडं उत्तर नव्हतं. मावशी रडायला लागली तेव्हा मी म्हटलं, जाऊन बघून येतो. रातपाळी संपवली, लासलगावहून गाडी धरली. इगतपुरी, कसारा, कल्याण. कल्याणला उतरून कर्जतची लोकल, नेरळ. तिथून वर. दादानं त्याची जागा दाखवली. मुदपाकखान्यामागचा ओटा, त्यावर गुंडाळलेली वळकटी. भर हंगामात तो ओटाही तिघांत वाटून घ्यावा लागतो. म्हणाला, ‘खोल्या हायेत की. पण त्या पाहुण्याच्या. आपल्याला खोली म्हंजी खाली नेरळला, न्हाईतर न्हाईच.’

आता इतिहास.

पुस्तकं सांगतात की माथेरान १८५० साली ह्यू मॅलेट या ठाण्याच्या कलेक्टरनं ‘शोधलं’. मे महिन्यात त्याचा तळ डोंगराखाली चौक गावी होता. तो इथल्याच माणसाला वाटाड्या घेऊन वर चढला. म्हणजे वाट दाखवणारा होता. वाट होती. वर धनगर होते, ठाकर होते, कातकरी होते. मग शोधलं कुणी? ज्याला वाट माहीत होती त्याचं नाव इतिहासात नाही; ज्याला माहीत नव्हती त्याचं आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात साहेब परत आला आणि त्यानं वर झोपडी बांधली. डोंगरावरची ही पहिली झोपडी नव्हती, पण कागदावर आलेली पहिली. आपल्या देशात घर कुणाचं हे भिंत ठरवत नाही, कागद ठरवतो. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

मग मुंबईचे गोरे अधिकारी आले. गव्हर्नर एल्फिन्स्टननंही वर घर बांधलं. पाठोपाठ पारशी, बोहरा, गुजराती शेठजी आले. सरकारनं प्लॉट आखले, बंगले उठले. बंगल्याला नाव, प्लॉटला हद्द, हद्दीला दगड. आणि या सगळ्यांना वर आणलं कुणी? माणसांनी. पालखी माणसाच्या खांद्यावर, पेटारा माणसाच्या डोक्यावर. साहेबाच्या फुप्फुसाला थंड हवा मिळावी म्हणून दुसऱ्याची फुप्फुसं फाटत होती.

नेरळ-माथेरान रेल्वेचीही गोष्ट ऐका. १९०४ ते १९०७ या काळात अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी ती बांधली. दोन फुटी रूळ, एकवीस किलोमीटर, खर्च सोळा लाख. पैसा बापाचा, सर आदमजी पीरभॉय यांचा. हे बोहरा व्यापारी लष्कराला तंबू आणि बूट पुरवत. धारावीत त्यांचा चामड्याचा मोठा कारखाना होता. चामडं म्हटलं की आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. ढोर, चांभार, मुसलमान कारागीर त्या धारावीत कातडी कमावत होते. ज्यांच्या अंगाचा वास आला तर बामण नाकाला धोतर लावायचा, त्यांच्या घामाचाही पैसा त्या रुळांत वितळलाय. पर्यटक खिडकीतून दरीचा फोटो काढतो. रुळाचा फोटो कुणी काढत नाही.

या गावात नुसते शेठजीच जन्मले असं नाही. १ डिसेंबर १९१२ ला माथेरानात न्हावी समाजाच्या घरी विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मले. तेच हुतात्मा भाई कोतवाल. कष्टानं वकिली शिकले, नाडलेल्या शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या, ४२ च्या लढ्यात आझाद दस्ता उभारून विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडच्या जंगलात पोलिसांच्या गोळ्यांनी ते गेले. साहेबांच्या या गावात केस कापणारे, धुणारे, वाहणारे यांचीही एक वस्ती होती आणि तिच्यातून असा माणूस निघाला.

स्वातंत्र्य आलं. साहेब गेला, बंगला राहिला. बंगल्याचं हॉटेल झालं. मुंबई-पुण्याला पैसा वाढला तशी शनिवार-रविवारची गर्दी वाढली. माथेरान म्हणजे काय? सात चौरस किलोमीटरच्या आसपासचं पठार, सुमारे ८०० मीटर उंच, भोवती कडे आणि दाट जंगल. पिण्याच्या पाण्याला शार्लोट तलाव. एवढ्याशा जागेत किती हॉटेलं मावणार? म्हणून ४ फेब्रुवारी २००३ ला केंद्र सरकारनं माथेरान आणि भोवतालचा सुमारे २१५ चौरस किलोमीटरचा टापू संवेदनशील पर्यावरण क्षेत्र म्हणून जाहीर केला. खाणी बंद, प्रदूषण करणारे कारखाने बंद, झाडतोडीवर आणि बांधकामावर बंधनं. मोटारगाड्यांना तर वर जुनीच बंदी. त्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. पुढं पायी नाहीतर घोड्यावर; तेव्हा हातरिक्षाही होती.

या बंधनाला माझा विरोध आहे का? नाही. आपल्यातले काही दोस्त म्हणतात, पर्यावरण हे पोट भरलेल्यांचं सोंग आहे, होऊ द्या इमारती, रोजगार येईल. त्यांनी मुळशीकडं बघावं. तिथं लवासा नावाचं डोंगरी शहर उभं राहायला लागलं. मोकळीक होती, पैसा होता, सरकारचा आशीर्वाद होता. कातकरी, धनगर आपल्या जमिनींसाठी भांडत राहिले. नोव्हेंबर २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयानं काम थांबवण्याची नोटीस काढली. २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. डोंगर कापला तो कापलाच. गरिबाला त्यातून घर मिळालं नाही. तेव्हा डोंगर बेलगाम विकला म्हणजे आपल्याला जागा मिळते, हा भ्रम सोडा.

माझा प्रश्न वेगळा आहे. गाव किती वाढावं याची मर्यादा घातली, बरं झालं. पण त्या मर्यादेच्या आत झोपायचा हक्क कुणाचा? जागा कमी केली की भाव चढतो, हे कांदा विकणाऱ्या आमच्या गावाला शिकवावं लागत नाही. नवी खोली बांधता येत नाही, म्हणून जी आहे ती सोन्याची होते. सोन्याची खोली मालक पाहुण्याला देईल की भांडी घासणाऱ्याला? एका रात्रीला पाहुणा जे मोजतो ते दादाला आठवडाभर राबून मिळत नाही. इथं मालक वाईट असायचीही गरज नाही. हिशेबच असा मांडलाय की चांगला मालकही तेच करेल.

आकडा बघा. २००१ च्या जनगणनेत माथेरानची वस्ती पाच हजारांवर होती. २०११ साली ती ४,३९३ झाली. पर्यटक लाखांनी येतात, गाव फुटतंय म्हणून ओरड होते, आणि राहणारी माणसं कमी झाली! मग वाढलं कोण? पाहुणा वाढला. गाव वाढलं नाही.

गावकूस आपल्याला माहीत आहे. आपले बापजादे त्याच्या बाहेर राहिले, काम मात्र आतलं केलं. मेलेलं ढोर ओढायला आत, रात्री झोपायला बाहेर. दस्तुरी नाक्यावर उभं राहून मी बघत होतो. सकाळी खालच्या वाड्यांतल्या आदिवासी बाया वर येतात, पाहुण्यांच्या बॅगा डोक्यावर घेतात, पोचवतात, संध्याकाळी उतरून जातात. इथं पाटी नाही, पाटील नाही, जातीचं नावही कुणी घेत नाही. तरी तेच गावकूस. फक्त आडवं होतं ते उभं झालंय. बाहेर ऐवजी खाली म्हणायचं.

आणि खाली काय आहे? ज्या चौक गावी मॅलेट साहेबाचा तळ पडला होता, त्याच चौकच्या हद्दीत इर्शाळगडाच्या कुशीत ठाकरांची इर्शाळवाडी होती. वर जायला रस्ता नव्हता, पायवाट होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर खाली आला. २७ प्रेतं मिळाली. ५७ माणसं बेपत्ता म्हणून कागदावर लिहून शोध थांबवला. मोठी यंत्रं वर नेता येईनात, म्हणून माणसांनी हातांनी माती उपसली. पुढं सिडकोनं चौकजवळ त्या लोकांना घरं बांधून दिली. दिली हे बरंच झालं. पण घर मिळण्यासाठी आधी डोंगराखाली गाडलं जावं लागतं, हा कुठला न्याय? २६ जुलै २००५ च्या पावसात माथेरानची रेल्वे वाहून गेली होती, ती २००७ साली पुन्हा धावली. पाहुण्याच्या रुळाला दोन वर्षं लागली. ठाकराच्या वाटेला किती शतकं?

आता हातरिक्षा. पुढं एक माणूस ओढायचा, मागं एकदोन रेटायचे, मध्ये एक माणूस बसायचा. तांबडी माती, चढ, पावसाळ्यात चिखल. माथेरानात अशा ९४ परवानाधारक रिक्षा होत्या. ६ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की माणसानं माणसाला ओढणं हे माणुसकीच्या प्रतिष्ठेला धरून नाही. सहा महिन्यांत हे बंद करा. खंडपीठावर तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई होते, आपल्या दादासाहेब गवईंचे चिरंजीव. पैसा नाही ही सबब सरकारनं सांगायची नाही, हेही न्यायालयानं बजावलं. हातरिक्षा ओढणाऱ्यांची यादी करून त्यांना ई-रिक्षा भाड्यानं द्या, उरलेल्या आदिवासी बायांना आणि इतर गरजूंना द्या, असं सांगितलं. बाबासाहेबांनी घटनेत वेठबिगारीविरुद्ध कलम २३ आहे ते शोभेला ठेवलेलं नाही, हे त्या दिवशी दिसलं. निकाल वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

पण दादाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘लई चांगलं झालं. आता रिक्षावाला रात्री झोपंल कुठं, ते बी कोर्टानं सांगितलं का?’ मी गप्प झालो. हात सुटले, पण पाठ टेकायची राहिलीच.

जगात असं गाव एकटं माथेरानच आहे का? रातपाळी करून आलो की मोबाइलवर वाचत बसायची मला खोड आहे. कॅनडात व्हिसलर नावाचं बर्फाचं सहलगाव आहे. तिथंही कामगाराला जागा मिळेना. १९९७ साली त्यांनी घरांसाठी वेगळी संस्था काढली आणि ठरवलं की गावात राबणाऱ्यांपैकी निदान ७५ टक्के माणसं गावातच राहिली पाहिजेत. अमेरिकेत अ‍ॅस्पेन म्हणून धनदांडग्यांचं डोंगरी गाव आहे. तिथं सुमारे तीन हजार घरं अशी आहेत की ती तिथं काम करणाऱ्यालाच मिळतात आणि त्यांच्या किमतीवर, भाड्यावर बंधन असतं. स्वित्झर्लंडमध्ये २०१२ साली लोकांनी मतदानानं ठरवलं की गावातल्या घरांत सुट्टीपुरती वापरायची घरं २० टक्क्यांवर जाऊ द्यायची नाहीत. तिथं सगळं आलबेल आहे असं समजू नका. व्हिसलरला घरासाठी लांबलचक रांग आहे. पण एक गोष्ट त्यांनी मान्य केली, कामगाराची खोली हा गावच्या नकाशाचा भाग आहे. आमच्याकडं नकाशात झाड आहे, तलाव आहे, पॉइंट आहे, घोड्याचा तळ आहे. वळकटी नाही.

आणि हे शिकायला कॅनडालाच जायला पाहिजे होतं असंही नाही. आपल्या घरात ते लिहून ठेवलंय. १९४२ च्या जुलैत नागपूरला अस्पृश्य वर्गाची परिषद भरली, तिथं अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींचा ठराव झाला. १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या वतीनं बाबासाहेबांनी ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ हा मसुदा लिहिला. त्यात सरकारनं वसाहत आयोग नेमावा, पडीक सरकारी जमीन हाती घ्यावी आणि तिच्यावर अनुसूचित जातींच्या वसाहती उभ्या कराव्यात अशी मागणी आहे. बाबासाहेबांनी घराचा प्रश्न दयेचा मानला नाही. ज्याच्या पायाखालची जमीन दुसऱ्याची, त्याचं मतही दुसऱ्याचं, हे त्यांनी ओळखलं होतं. पुढं आमच्याच नाशिक जिल्ह्यातल्या दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि पुन्हा १९६४ ला भूमिहीनांचा सत्याग्रह केला. दुसऱ्या वेळी देशभर तीन लाखांहून जास्त माणसं तुरुंगात गेली. कसायच्या जमिनीबरोबर झोपडपट्टीत राहणाऱ्यांच्या जागेचीही मागणी त्यात होती. येवला आमच्या लासलगावपासून जवळ. १३ ऑक्टोबर १९३५ ची गर्जना तिथली. ती आम्ही दरवर्षी आठवतो, मिरवणूक काढतो. गायकवाडांची मागणी मात्र आम्ही विसरलो.

म्हणून दोस्तांनो, नुसतं हळहळून भागणार नाही. इतिहास वाचायचा तो हाती काही लागावं म्हणून. माथेरान असो, महाबळेश्वर असो, नाहीतर कांद्याचं लासलगाव, चार गोष्टी मागितल्या पाहिजेत. गावाचा आराखडा निघेल तेव्हा राबणाऱ्यांच्या घरांसाठी जागा राखून ठेवा, आणि ती जागा जंगल तोडून नको, आहे त्या बांधलेल्या जागेतून द्या. जो हॉटेलाचा परवाना मागेल त्यानं किती माणसं कामाला ठेवणार आणि ती कुठं झोपणार हे आधी लिहून द्यावं. अशी घरं बाजारात विकता येणार नाहीत, पाहुण्याला भाड्यानं देता येणार नाहीत, असा कायदा हवा. आणि घर नवराबायकोच्या दोघांच्या नावानं कागदावर चढलं पाहिजे. साहेबाची झोपडी कागदावर चढली म्हणून ती इतिहास झाली; धनगराची चढली नाही म्हणून ती अतिक्रमण झाली. २०२४ साली सरकारनं सातारा जिल्ह्यात २३५ गावांचा ‘नवीन महाबळेश्वर’ प्रकल्प रस्ते विकास महामंडळाच्या हाती दिला. तिथला नकाशा मागवा. त्यात वळकटी कुठं आहे ते विचारा. आज विचारलं नाही तर उद्या तिथल्या मुदपाकखान्यामागं आपलाच कुणी भाऊ झोपलेला असेल.

परत निघताना दादा नाक्यापर्यंत सोडायला आला. त्या दिवशी गर्दी होती, त्याला लवकर परतायचं होतं. म्हणाला, ‘पोरीच्या बापाला काय सांगशील?’ मी म्हटलं, ‘खरं ते सांगीन.’

मी खरं ते सांगितलं. पोरीचा बाप स्वतः वीटभट्टीवर राबलेला माणूस. बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘आमची बी उमर पालात गेली. पोरीची जाऊ नये, येवढंच.’ लग्न मोडलं नाही, पुढं ढकललंय. नेरळला भाड्याच्या खोलीचा शोध चालू आहे. आडनाव विचारलं जातंच.

आणि आई आजही खळ्यावर आहे. कांदा चाळीत सुखरूप आहे.